साईड बी

इम्मानुएलची गिटार मिशन दवाखान्याच्या चर्चमधली,
सत्तारचे ड्रम बियाण्याची रिकामी पिंपं.
मी बेस. म्हणजे मागं उभा.
जालन्यातल्या त्या गोदामात सरकीची पोती आवाज गिळायची,
म्हणून आम्ही जोरात वाजवायला शिकलो.
नाव ठेवलं : मोंढा.

अंबडला गणपतीपुढं
तिसऱ्याच गाण्यात लाइट गेली.
सत्तार थांबला नाही.
अंधारात पोरं नुसत्या पिंपांवर नाचली.
मानधन एकशे एक, आणि नारळ.

मग कॅसेट काढली, पाचशे.
साठेक खपल्या,
बाकीच्या सत्तारच्या पत्र्याखाली उन्हानं वाकल्या.
पुण्याचा एकजण ऐकून म्हणाला,
उच्चार जरा सुधारता येतील का?
इम्मानुएल म्हणाला, काऊन?
तेवढ्यावर पुणं संपलं.

भांडण असं झालंच नाही.
रोलिंग मिलला तिसरी पाळी सुरू झाली, एवढंच.

परवा परतूरच्या धाब्यावर
एका ट्रकात आमची साईड बी लागली होती.
फीत ओढलेली, गाणं जड झालेलं,
इम्मानुएलचा गळा म्हातारा,
आणि माझा बेस सगळ्यांच्या पुढं.
कुणाचं हो हे?
ड्रायव्हर टायरवर पाणी मारत होता.
म्हणाला, काय की,
गाडीबरोबरच आली.