रिकामी ओळ

डंडी. पहाटेचे पावणेतीन.
टे नदीवरचा पूल धुक्यात अर्धाच.
कौन्सिलच्या सर्व्हरने रात्रभर गिळलेल्या विनंत्या
ग्रेपने पाखडत बसलोय.

पोथीत उभी रेघ आली की ओवी थांबते,
इथे त्याच रेघेतून
सगळं पुढच्या सुपात पडतं.

मथळ्यांचं फोलपट उडालं,
ब्राउझर, कुकी, बाइटांची मोजदाद;
मग ती रिकामी ओळ
आणि तिच्याखाली, अखेर, मजकूर:

'बॉयलर बंद. मिसेस गेमेल, तिसरा मजला.'
अकरा वेळा. अकराही वेळा
आमचं उत्तर: पाचशे, अंतर्गत बिघाड.

युनिक लावलं असतं
तर एकच थंडी उरली असती.
नाही लावलं.

बारावी विनंती चार मिनिटांपूर्वीची:
'घाई नाही हो.
फक्त हे पोचतंय का, तेवढं कळवा.'