पाचशे मीटर

रात्री अकरा ते सकाळी सात माझी पाळी.
मोन्तेविदेओत, गृहखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी नसलेली खोली,
माते प्यायचा माझा भोपळा, तीन पडदे,
आणि नकाशावर जोडीजोडीने पेरलेले ठिपके.

तांबडा त्याचा. निळा तिचा.
त्याच्या घोट्याला कडं, तिच्या पिशवीत यंत्र,
आणि मध्ये न्यायाधीशाच्या सहीचं
पाचशे मीटर अंतर.
लग्नाच्या दाखल्यावरही
अशीच कुणाची तरी सही असणार.

जोडी क्रमांक दोनशे सतरा.
नेलिडा इतुराल्दे, पायसांदू, शाळेत स्वयंपाकीण.
मी तिला कधी पाहिलं नाही.
पण ती किती वाजता झोपते ते मला ठाऊक आहे,
म्हणजे ठिपका कधी हलायचा थांबतो ते.
गुरुवारी ती नदीपर्यंत चालत जाते,
एकोणीस मिनिटं थांबते,
परत येते.
तिथे काय करते, ते फाइलीत नाही.

आम्ही मेलोला राहायचो तेव्हा
चौकीतला शिपाई आला होता एकदा.
टोपी गुडघ्यावर ठेवून बसला,
बाबांनी दिलेला माते दोनदा प्याला, म्हणाला,
घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच.
आई आतल्या खोलीत
गालाला थंड चमचा लावून उभी.
भांडी आमच्याकडे सहाच होती.
त्यांतलं एकही कधी वाजलं नाही.

तीन वाजून बारा मिनिटांनी
दोनशे सतराचा तांबडा हलला.
नऊशे. आठशे चाळीस. सातशे.
आधी त्याला फोन करायचा, असा नियम.
'बसमध्ये आहे हो, कारखान्याच्या.
रस्ता खणलाय, ड्रायव्हरनं गाडी वळवली.
मी काय उडी मारू?'
खरं असेल. नसेल.
खरंखोटं करणं माझ्या पगारात बसत नाही.
गस्तीच्या गाडीला कळवलं. मग तिला.

सातव्या रिंगला उचलला.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
'स्वयंपाकघरातला दिवा लावू, की नको?'

नियमपुस्तकाची पानं एकशे बेचाळीस.
दिव्याचं कलम त्यात नाही.

नको, म्हटलं. कडी घाला. बोलत राहा माझ्याशी.
काय बोलू?
काहीही.
मग ती सांगू लागली,
उद्याच्या ऐंशी पोरांसाठी मसूर भिजत घातलेत,
मीठ शेवटी घालायचं, नाहीतर शिजत नाहीत,
नवीन बाई आली आहे मदतीला, ती आधीच घालते,
आणि पाचशे दहा,
आणि पडदा किंचाळू लागला, चारशे नव्वद,
चारशे सत्तर,
चारशे सत्तर,
ती कांदा किती बारीक चिरायचा ते सांगत होती
आणि मी हो हो म्हणत होते, चारशे सत्तर,
सिग्नलला थांबली असेल बस,
रात्री तीनला कुणासाठी लाल असतो सिग्नल,
चारशे नव्वद.
पाचशे साठ.
आठशे.

गस्तीची गाडी तीन सव्वीसला पोचली.
शिपायांनी दारातूनच विचारपूस केली.
ह्यांनी टोप्या काढल्या नाहीत,
आत येऊन बसलेही नाहीत.
अहवाल एका ओळीचा: काही घडलं नाही.

सकाळच्या पाळीचा ओरोस्मान
तो वाचून म्हणाला, रात्र फुकट गेली म्हणायची.
मी भोपळा उपडा करून भिजकी पानं टाकली.
वर्षभरात आम्ही जे काही कमावतो
ते ह्याच ओळीत लिहितात.
त्याला आकडा नसतो.
जे फुटलं नाही ते मोजणार कसं?

हुकूम एकशे ऐंशी दिवसांचा.
मुदतवाढीचा अर्ज आला नाही.
तिने केला नाही, की कुठल्या टेबलावर पडून राहिला,
मला कळायचा मार्ग नाही.
मध्यरात्री दोन्ही ठिपके एकदमच गेले,
जसे कुणी गादीवरचे दोन केस उचलावेत.

मसूर आता मी तिच्या पद्धतीने करते.
मीठ शेवटी.
गुरुवारी कामातून वेळ काढून
नकाशा उगाच नदीपर्यंत सरकवते.
पाणीही तिथे निळंच दाखवतात,
ह्या काठापासून त्या काठापर्यंत,
तोच निळा.