भावे प्रयोग

रामदासपेठेत, सहाव्या मजल्यावर, आमच्या ऑफिसच्या दारातच
नेतृत्वाचा फोटो आहे. चौघं. हाताची घडी.
अनुपमा धोटे, संस्थापक. शेजारी कर्नल तारे, निवृत्त,
संकट-व्यवस्थापनाचे प्रमुख. फरहाना काझी, जी आकडे बघते,
कोण काय किती सेकंद वाचतं त्याचे.
आणि हेमराज झाडे, बावीस वर्षं पेपरात काढून आलेला,
ज्याची घडी फोटोतही नीट बसलेली नाही.
मी फोटोत नाही. मी भाषा सल्लागार,
म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, आणि रात्री उशिराचा चहा.

मे महिना. साडेदहालाही काच हाताला चटका देत होती.
बुटीबोरीहून फोन आला. बॉयलर.
तीन.
मॅडमनी चपला काढून पाय खुर्चीवर घेतले,
हे त्यांचं कामाला लागणं.
"स्फोट नको," कर्नल म्हणाले. "घटना."
"दुर्दैवी घटना," फरहाना म्हणाली, मग तिनंच खोडलं:
"दुर्दैवी म्हटलं की लोक विचारतात, दैव कोणाच्या हातात होतं."
कोणी हसलं नाही. ती विनोद करत नव्हती.

मी टाईप करत होतो.
'परिस्थिती आटोक्यात आणण्यात आली आहे.'
'चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत.'
'तिघांना वाचवता आले नाही.'
इथे मॅडम थांबल्या. म्हणाल्या, सुंदर.
आणि मला काटोलच्या शाळेतले उमाठे सर दिसले,
बाहीवरचा खडू झटकत:
भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचंही नाही,
ते आपलं नपुंसकलिंगी, एकवचनी, एकटंच उभं राहतं.
तिघं असोत की तीनशे.
आले नाही.

दीड वाजता झाडे म्हणाला, "तिघं म्हणजे कोण कोण?"
टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं.
तो जिन्यात गेला. त्याचे जुने हवालदार, जुने वॉर्डबॉय
अजून त्याचा फोन उचलतात.
परत आला तेव्हा पार्किंगच्या पावतीमागे लिहिलेलं:
रूपचंद वालदे. मंगल उईके. अन्सार शेख.
मॅडमनी चष्मा काढला. तशा त्या वाईट नाहीत.
"घाला," म्हणाल्या.
मी घातली. उईकेतला ई दोनदा तपासला,
त्याच्यासाठी मला तेवढंच येत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी क्लायंटकडून मसुदा परत आला.
नावांवर पिवळा रंग, समासात एकच शब्द: गरज?
मॅडमनी कर्नलकडे पाहिलं, कर्नलनी फरहानाकडे,
फरहानानं घड्याळाकडे.
झाडे ती पावती दुमडत राहिला, आणखी, आणखी,
नखाएवढी होईपर्यंत.
मग चौघांनी माझ्याकडे पाहिलं.
कीबोर्ड माझ्यापाशी होता.

सकाळी अकराला, निवेदनाखाली
'अधिक माहितीसाठी' म्हणून जो नंबर असतो, तो माझा,
त्यावर एक मुलगी बोलली.
"पेपरात पाह्यलं दादा. माह्या बाबाचं नाव नाई दिसून राह्यलं."
मागे कोणी रडत नव्हतं.
कोणीतरी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होतं.
माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: ते घेण्यात आलेलं नाही.
"मी काढलं," म्हणालो.

व्याकरणानं हाही कर्मणीच.
क्रियापद नावाच्या मागे मागे जातं.
फक्त इतर कर्त्यांना 'ने' तरी लागतो,
झाडेने, कर्नलने, कंपनीने,
हात ठेवायला काहीतरी.
'मी'ला तोही लागत नाही.

ती जराशी थांबली.
बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.
"मंग टाका ना परत," म्हणाली. "उद्या.
जागा असन तर."