अठरा रिमं

कागदाचं एक रीम दोन किलो, वर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम.
अप्पा बळवंत चौकामागे, बाइंडिंगच्या खोलीत
बावीस वर्षं उचलतोय. मला काटा लागत नाही.
ओजस बेचाळीस किलो.
म्हणजे अठरा रिमं.
पण रिमं आखडत नाहीत,
रिमांचे गुडघे एकमेकांत अडकत नाहीत,
आणि जिना चढताना
रिमं कानाशी हसत नाहीत.

दुसरा मजला, लिफ्ट नाही.
माझी कंबर, हिचे खांदे.
बाम संपला की मीठ संपल्यासारखी धावाधाव.

तलावाच्या खिडकीतला माणूस म्हणाला,
"पोहता येतं का याला?"
म्हटलं, "येत असतं तर शिकायला कशाला आणला असता?"
त्याने पावती फाडली.
"टोपी सक्तीची आहे," म्हणाला.

मंगळवार, शुक्रवार, तीन ते चार.
उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात
ढमढेरे सर छातीइतके उभे:
"काका, किती घट्ट धरताय!
तो नाही बुडत. तुम्ही बुडताय."
मी बोटं सैल केली. त्याची मान माझ्या तळव्यावर.
आणि मग ते झालं,
जे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.
अठरा रिमं गेली.
हात रिकामा वाटला म्हणून मी दचकून खाली पाहिलं.
होता.
तोंड उघडं, नजर आभाळात,
डाव्या हाताची मूठ
कुणी न सोडवता सुटलेली.

मृण्मयी काठावर बसून मोबाइलवर सेकंद मोजते.
परवा ओरडली,
"ए आळशी, पाय मार ना! नुसता लोळतोय!"
हिने गर्रकन वळून तोंड उघडलं,
त्याला असं बोलायचं नाही, हा आमच्या घरातला जुना कायदा,
आणि तसंच मिटलं.
कारण ओजसने बहिणीवर पाणी उडवलं होतं.
नेम चुकला. सरांना लागलं.
सर काय, भिजलेलेच.

हिचं सांगायचं राहिलं.
पहिले दोन महिने ही पायऱ्यांवर, मांडीवर टॉवेल,
जशी ऑपरेशन थिएटरबाहेर.
तिसऱ्या महिन्यात कधीतरी
फाटकापाशी एक पेरू घेतला, तिखटमीठ लावून,
आणि सगळा खाल्ला.
एकटीने. कुणासाठी फोड न ठेवता.
मी पाण्यातून बघत होतो.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
हिला इतकं सावकाश खाताना
पाहिल्याचं आठवेना.

चारला शिट्टी होते.
पायऱ्यांशी वजन परत येतं,
ओला मुलगा एकोणीस रिमं तरी भरतो.
रिक्षावाला सीटकडे बघतो,
आम्ही पिशवीतून प्लास्टिक काढतो.
जिना तोच. कंबर तीच.
बाम मात्र यंदा दिवाळीपासून
तीच बाटली चालू आहे.

साताऱ्याहून ताईचा फोन येतो. "काही फरक?"
चालायला लागला का, असं तिला विचारायचं असतं.
मी म्हणतो, "आज अकरा सेकंद."
"कसले?"
काय सांगणार!
म्हणतो, "ताई, आम्ही हल्ली चार पेरू घेतो.
ओजसचा बिया काढून.
हिचा वेगळा."