एका गुणाने

रात्री अकराला नागपूरहून फाइल येते.
माझं काम : जुना सामना बघायचा,
प्रत्येक खेळी थांबवायची, एक ओळ भरायची.
कोणी पळवला, कोणी पाडला, किती यार्ड, किती सेकंद.
सोनेखारीत रेंज फक्त सपरीच्या कोपऱ्यात,
म्हणून लॅपटॉप धानाच्या पोत्यावर.

बाबा झोपत नाहीत. साठीनंतर झोप
पाटाच्या पाण्यासारखी, पाळीनंच येते म्हणतात.
खाट ओढून बसतात.
"हे काय होय व माय?"
फुटबॉल. अमेरिकेतला.
"हातानं तं खेळून रायले!"
चेंडू मोहाच्या टोरीसारखा, दोन्हीकडून निमुळता.
माणसं ढोलीएवढी.

"कोणाची टीम?"
बफेलो.
"म्हशी?"
गाव आहे ते, बाबा. टोपावर बघा, निळा रानगवा,
अंगातून लाल पट्टा.
"हा तं नवेगावच्या जंगलातला,"
आणि तिथून पुढे बाबा बफेलोचे झाले.

बाद फेऱ्या त्यांच्याही जानेवारीत.
आपल्याकडे धान निघालं की बांधी रिकामी,
मधले धुरे फोडून मैदान, चुन्याच्या रेघा,
बल्लीवर हॅलोजन, माइकची खरखर,
हरला तो रातोरात टेम्पोत.

मी सांगत गेले : हा संघ लागोपाठ चार वर्षं
अंतिम सामन्याला पोचला. दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.
"अन्?"
चारही हरला.
बाबांची तळहातावरची तंबाखू तशीच राहिली.
तेरा-तीस. सतरा-बावन्न. चोवीस-सदतीस.
मी खालून वर वाचत होते,
सगळ्यात वर एक्क्याण्णव साल : एकोणीस-वीस.

ती शेवटची लाथ मी तीनदा लावली.
आठ सेकंद उरलेले. चेंडू उंच गेला,
लांबीला पुरला,
आणि उजव्या खांबाच्या बाहेरून निघून गेला.
पंचांनी दोन्ही हात आडवे हलवले.
बाबा म्हणाले, "थांबव."

एक्क्याण्णवचीच जानेवारी, बाराभाटीची बांधी.
त्यांचा पंच आला नव्हता,
म्हणून दोन्ही संघांनी मिळून रेषेवर बसवला
आमचाच माणूस, दुधराम लांजेवार. माझे बाबा.
बावीस-बावीस. शेवटची चढाई तुळाराम कापगतेची.
दोघांना शिवून तो वळला, आणि
डाव्या पायाचा अंगठा
कणीभर चुन्यापलीकडे.
शिट्टी वाजली.

गावानं बाबांना माफ केलं, पंच आहे म्हणाले.
तुळारामला नाही.
त्याचं नाव अंगठ्या पडलं. अजून तेच आहे.
लहानपणी त्याच्या बैलबंडीमागं पळत
मीही ओरडलेय.

"मंग त्या गड्याचं काय केलं गावानं?"
दुसऱ्या दिवशी चौकात माणूसच माणूस, कडाक्याची थंडी.
त्याच्या नावाचा पुकारा धरला सगळ्यांनी,
तो पुढं येईपर्यंत.
"शिव्या?"
नाही, बाबा. नाव.
ते उठून आत गेले. पाणी पिल्याचा आवाज आला नाही.

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
सत्तेचाळीस यार्ड, लिहिलं. चुकली, लिहिलं.
पहाटे फाइल पाठवली. ओळीमागं दीड रुपया.

आठवड्यानं पेटीत रेशनकार्ड शोधताना
मंडळाची वही हाती लागली, लाल कापडी पाठीची.
एक्क्याण्णव : सोनेखारी पराभूत, एका गुणाने.
इतकी वर्षं एवढंच होतं.
खाली आता जेल पेनची ओळ, अक्षर हललेलं :
तुळाराम कापगते, चौदा गुण, एकट्याचे.

बाबा घरात नव्हते. सायकलही.
कापगत्यांच्या घराकडे जाणाऱ्या धुऱ्यावर
दवातून टायरची रेघ गेलेली,
मध्येच थांबलेली,
बाजूला एका चपलेचा ठसा,
मग पुढं.