कूलर बंद असेपर्यंत

तांडापेठेत मे महिन्यात
पहाटे पावणेपाच ते साडेसहा,
एवढाच वेळ गल्ली गप्प असते.
कूलर चालू असला की माइकला वाटतं
मी विमानतळावर उभी आहे.
बंद केला की दहा मिनिटांत
चष्मा नाकावरून घसरतो.
म्हणजे माझं वेळापत्रक मी नाही,
कूलरनं ठरवलंय.

साडेसहाला दूधवाला हिरामण कॅन आपटतो,
सातला धकात्यांची चक्की,
मग दिवसभर शहर मोठ्यानंच बोलतं.
तेवढ्यात मी चार वेळा म्हणते,
नमस्कार, मी निलिमा हेडाऊ, आज पाहू या.
चार वेळा ओढणी बदलते, कुडता तोच.
हयातीचा दाखला. वारस नोंद.
पासबुकात नाव एक, आधारावर दुसरं, तर कुठं जायचं.
एका पहाटेत पुढचे चार आठवडे.

हे सुचायला तीन वर्षं गेली.

आधी रोज एक टाकायची.
तर्री-पोहे खाता खाता विषय शोधायची,
बर्डीवर कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसून
मथळे लिहायची,
रात्री दोनला उशीखालचा मोबाइल काढून
आकडा चढला का उतरला ते बघायची,
कुणाचा ताप बघावा तसा.
मारबतीच्या दिवशी सगळं शहर ओरडत होतं,
रोगराई घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा गे मारबत,
आणि माझ्या घशातून फक्त हवा.
"बाप्पा, हिचा गळाच नेला तिनं,"
आई म्हणाली.

अकरा दिवस काहीच टाकलं नाही.
वाटलं, झालं, विसरले सगळे.
बाराव्या दिवशी पारशिवनीहून एका आजोबांचा फोन.
"बाई, तो दाखल्याचा तुमचा जुनाच व्हिडिओ
पाहून राहिलो चार दिवसांपासून.
जरा हळू बोलत जा नं,
लिहून घेतो मी."

हळू.

माझं टेबल आहे तिथं पूर्वी खड्डामाग होता.
बाबांनी माग विकला, खड्डा सिमेंटनं बुजवला.
जुनी फरशी न् नवं सिमेंट यांच्या सांध्यावर
टेबलाचा एक पाय डुगडुगतो.
पुठ्ठ्याची घडी घालते. महिन्याभरात ती चेपते.
दुसरी घालते.

बाबा सकाळीच ताण्यावर गेरूची रेघ ओढायचे,
आजचं इथपर्यंत.
उजेड उरला तरी रेघेपुढं जात नसत.
काऊन, विचारलं तर म्हणायचे,
"पुढं वीण ढिली पडते,
अन् गिऱ्हाइकाले तेच पहिले दिसते."
आई चिडायची. शाळेची फी थांबली होती,
तरी रेघ म्हणजे रेघ.
आजही मला वाटतं,
आईचंही थोडं बरोबर होतं.

आता रात्रीचे साडेनऊ.
चौथ्याचं एडिटिंग अर्ध्यावर आहे.
या महिन्यात खात्यात आले चार हजार एकशे,
वीजबिल त्यातलं किती नेईल, अजून पाहिलं नाही.
मघापासून एकच वाक्य तीनदा कापलंय
आणि तिन्ही वेळा चुकीच्या जागी.
ढिलं पडतंय.

वहीत लाल पेनची रेघ आहे, सकाळी मारलेली.
खोटं कशाला बोलू,
कधी कधी मी ती दोन बोटं पुढं सरकवते.
आज नाही सरकवत.

उठते. कूलरमध्ये सहा बादल्या पाणी.
वाळ्याच्या ताट्या भिजतात,
त्यांचा वास खोलीभर होतो.
पारशिवनीत आजोबा एव्हाना झोपले असतील,
वही उशाशी.
बटण दाबते.

विमानतळ सुरू होतं.