लाईट गेली का?

साखर पेठेच्या मागच्या बोळात रिक्षा पंक्चर झाली
आणि बसू रस्त्यावरच बसला.
मे महिना, दुपारचे अडीच,
दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट,
भिंतींनासुद्धा दात फुटल्यासारखा.
त्याने कान दाबले, मग डोकं
एका बंद शटरवर आपटायला सुरुवात केली.
मी मधे हात घातला. हाताला लागलं.
चालतं. हात त्यासाठीच आहे.

नऊ वर्षांत माझं एक वाक्य पाठ झालंय:
"माफ करा हं, तो मुद्दाम नाही करत."
घराला कुलूप लावतानाच ते तोंडात धरते,
सुपारीसारखं.
कारण लोक येतातच.
दोन फटके द्या म्हणणारे,
कुठल्याशा बाबाचा अंगारा सुचवणारे,
आणि ते, जे काहीच बोलत नाहीत,
फक्त आपलं मूल दुसऱ्या हाताला घेतात.

एका दारातून माणूस बाहेर आला.
बनियन, भुवयांवर कापसाचा भुरका.
मी वाक्य काढलं.
त्याला ऐकू गेलं नाही, त्या आवाजात जाणारही नव्हतं.
तो बसूच्या कानांवरच्या हातांकडे बघत राहिला
आणि आत गेला.
चला, दार लावून घेतोय.

एक माग थांबला.
मग दुसरा.
मग आतले सगळेच.
तो पुन्हा बाहेर आला, समोरच्या शेडकडे तोंड करून
तेलुगूत काहीतरी ओरडला.
तिकडचे थांबले. त्यांच्या पलीकडचेही.
बोळ एवढा गप्प झाला
की माडीवरून एक म्हातारी डोकावली:
"लाईट गेली का?"
"नाही," खालून कोणीतरी म्हणालं,
"पोरगं आलंय."

कांड्या भरणारी एक बाई आली,
पोशव्वा तिचं नाव, नंतर कळलं.
हातात नवी चादर, कडा अजून न शिवलेली.
मी म्हणणार होते, अहो, उन्हाळा आहे.
तिने चादरीची चौघडी बसूच्या खांद्यांवर टाकली
आणि वरून दोन्ही तळव्यांनी दाबली,
ओल्या मातीत रोप दाबतात तशी.
जड चादर. त्याचा श्वास एकेक पायरी उतरला.
थेरपीच्या मॅडमनी मला जे तीन महिने शिकवलं
ते हिला कोणी शिकवलं, मी विचारलं नाही.
"पर्वालेदु," ती म्हणाली.
त्याला की मला, कोण जाणे.
मला तेलुगू येत नाही. हा एक शब्द येतो आता.

मी पर्स उघडली.
यांची मजुरी मीटरवर, सोलापुरात कोणालाही ठाऊक.
बारा-चौदा माग, वीस मिनिटं,
मनात गुणाकार चालला होता.
"किती झालं?"
"कशाचं?"
"हे... थांबवलेलं."
तो हसला नाही, रागावलाही नाही.
"मशीनला पण जरा दम नको का, ताई."

पर्सची चेन उघडीच राहिली.
माझ्या तोंडात माफी तयार होती,
आभार कधी घोकलेच नव्हते.
आमचे अप्पा सांगायचे, मरायचं, पण कोणाचं मिंधं व्हायचं नाही.
अप्पा, मी त्यांच्या उंबऱ्यावर टेकले.
स्टीलच्या तांब्यातून पाणी आलं,
सगळं प्यायले,
अर्धं परत न देता.

रिक्षाचं चाक बसलं.
मी चादर काढायला लागले तर
पोशव्वाने माझा हात बाजूला केला.
"नको हो," मी एकदा म्हटलं.
दुसऱ्यांदा म्हणायची रीत असते.
म्हटलं नाही.

निघताना तो माणूस बसूपुढे उकिडवा बसला.
"चालू करू का रे?"
माझ्याकडे न बघता. त्याला विचारलं.
बसू बोलत नाही. कोणाकडे बघतही नाही.
सगळा बोळ थांबून होता,
माडीवरची म्हातारीसुद्धा.
बऱ्याच वेळाने त्याने
एका कानावरचा हात काढला.

माणूस आत गेला
आणि एकच माग सुरू केला.